पूजेतली दुनळी

सोलापूर, ८ सप्टेंबर

सृष्टी बाळा,

तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही आणि जुन्यावर ती बाई गोड आवाजात 'बंद आहे' म्हणते. शेवटी टपालाची पेटी शोधली. सात रस्त्याजवळ एक सापडली, तिच्या तोंडात कोळ्याने घर केलं होतं. हे पत्र तुझ्या हाती पडलंच, तर निदान फाडण्याआधी वाच. मग खुशाल फाड.

इकडे सगळं बरं आहे. पप्पा पतसंस्थेत ड्यूटीला जातात, येतात, जेवतात. विसर्जन पार पडलं. पोरांनी यंदा लेझीम झकास खेळली, पण फटाक्यांची माळ नेमकी आपल्या जिन्याखाली लावली. थोडी गडबड झाली. विशेष काही नाही.

'विशेष काही नाही' म्हटलं की तू तिकडे पुण्यात डोळे बारीक करतेस, ते मला इथून दिसतंय. बरं, सांगते. माळ वाजली तेव्हा पप्पा भाकरी खात होते. मी पाणी घेऊन वळले तर ताट तसंच, आणि हे जिन्याच्या तोंडाशी पालथे पडलेले, दुनळी बंदूक हातात. तेवढ्यात घरमालक चनबसप्पामामा प्रसादाचं ताट घेऊन वर यायला लागले. त्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे मान खाली घालून एकेक पायरी चढत होते. मी ओरडले, "मामा, थांबा तितंच! फरशी ओली हाय!" फरशी खडखडीत कोरडी होती. मामा थांबले. पप्पा उठले, बंदूक कपाटामागे ठेवली आणि उरलेली भाकरी खाल्ली. मामांनी जिन्यातूनच मला विचारलं, "म्हाळसाताई, बिरुदेवला काय हुतंय?" मी म्हटलं, पित्त.

हे पत्र घरी बसून लिहीत नाही. घरी ते विचारतात, काय लिहितेस. मी बसलेय माजी सैनिकांच्या एका संस्थेत. दोन टेबलं, एक पंखा आणि चहा मात्र येता-जाता. रावजी सुभेदार म्हणून एक निवृत्त गृहस्थ ती चालवतात. कुणाची पेन्शन अडली, कुण्या विधवेचं नाव कागदावर चढलं नाही, कुणाला औषधाचं कार्ड मिळालं नाही, अशा कामांसाठी ते ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतात. मी आले होते पप्पांच्या औषधाच्या कार्डासाठी. खरंच त्यासाठीच.

जूनमध्ये झालं ते झालं. तू न कळवता भर दुपारी आलीस, लाइट गेलेली, तुझ्या हातून डबा पायरीवर आपटला. त्यांनी तुला ओळखलं नाही. बंदूक भरलेली नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं. घरात कोण भरलेली बंदूक ठेवतं?

एक ओळ तरी पाठव.

तुझी आई


सोलापूर, १९ सप्टेंबर

सृष्टी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तू माझीच लेक, हट्ट काय शेजारून आणणार?

मागच्या पत्रात मी बरंच गिळलं होतं. आज लिहिते, कारण ते कुणाजवळ तरी बोलले नाही तर माझं डोकं फुटेल. मला भीती वाटते, बाळा. मी माझ्याच घरात जिन्याखालून हाका मारत चढते, "मी हाय, मी आले, म्हाळसा हाय!" बाजारातून आले तरी, कचरा टाकून आले तरी. गल्लीतल्या बायका हसतात, म्हणतात नवऱ्याला वर्दी देतीया. मीही हसते. वर गेले की ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेले असतात आणि दुनळी मांडीवर आडवी. टीव्ही चालू, पण बघत नाहीत. पतसंस्थेच्या रखवालीसाठी घेतलेली बंदूक, आता ती माझी रखवाली करते की आणखी कशाची, देव जाणे.

एकदा मी काडतुसं ज्वारीच्या डब्यात पुरली. ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. सरळ डब्यात हात घातला, काडतुसं काढली, पुसली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "भाकरी टाक." ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातून तीन वेळा पीठ सांडलं.

रावजींना मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, चहाबरोबर निघून गेलं. ते म्हणाले, "ताई, ह्यो आजार हाय. तिकडं फौजेत असताना रस्त्यावर सुरुंग फुटला, संगतीचा जवान डोळ्यांदेखत गेला, तवापास्नं धरलेला. त्याची पेन्शन मिळती. ती भीक न्हाय, हक्क हाय. उपचार बी फुकट. पर कागदावर आजार लिवला पायजे."

आणि कागदावर तर काहीच नाही. फौजेतून सुटताना डॉक्टर प्रत्येकाला तपासतात. झोप येते का, स्वप्नं पडतात का, विचारतात. यांनी टाचा जुळवून उत्तर दिलं, "ठीक है साब." सगळ्याला तेच. का, तर काही बोललं की थांबवून घेतील, घरी जायला उशीर होईल. रावजी म्हणतात, "समद्या फौजींला ह्यो एकच रोग. पाय तुटला तरी ठीक है साब." यांनी आधी एकदा अर्ज केलेला तो याच कारणाने परत आला होता, हे मला परवा कळलं. म्हणजे त्यांनी मदत मागितली होती, सृष्टी. मला न सांगता.

आता संस्थेला अपील करायचंय. पुन्हा लष्करी डॉक्टरांपुढे उभं राहायचं आणि खरं सांगायचं. मी म्हटलं, नको. आजार कागदावर आला की बंदुकीचा परवाना जाणार, परवाना गेला की रखवालीची नोकरी जाणार. आणि लोक वेडा म्हणतील. तुझं लग्न व्हायचंय. रावजी मला म्हणाले, "ताई, पोरीचं लगीन हुयाला पोरगी जिती पायजे, बाप जिता पायजे." मी त्यांच्यावर चिडून उठून आले.

मग ते स्वतःच घरी आले, चहाच्या निमित्ताने. पप्पा उठून सावधान उभे राहिले. रावजींनी विचारलं, "बिरुदेव, कसं काय? झोप लागती का?" आणि हे माझ्या देखत, पाहुण्याला बस म्हणण्याआधी, "ठीक है साब!" रावजींनी माझ्याकडे बघितलं. मला रडूही येईना आणि हसूही.

जाताना जिन्यात त्यांनी युक्ती सांगितली. खंडेनवमीला संस्थेत शस्त्रपूजा ठेवायची. सगळे माजी सैनिक आपापली बंदूक आणतील. पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. तुझे पप्पा तर त्या दिवशी विळीसुद्धा उचलू देत नाहीत, आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायला लावतात. एकदा त्यांची दुनळी तिथे मांडली की रावजी ती परस्पर पोलीस ठाण्यात जमा करणार. मागाहून समजूत घालू म्हणाले.

मी हो म्हटलंय. पण नवऱ्याला देवाच्या नावाने फसवायचं, आणि तेही असल्या माणसाला, जो दारावरच्या पावलाला दचकतो. त्यांना कळलं तर? कळल्यावर ते काय करतील, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवले, आणि मला माहीत नाही.

आई


सोलापूर, ३ ऑक्टोबर

सृष्टी,

आधी हे वाच. पप्पा ठीक आहेत, मी ठीक आहे, कुणालाही काही झालेलं नाही. आता बस आणि पुढचं वाच.

परवा खंडेनवमी झाली. सकाळी आंघोळ करून ते म्हणाले, "संस्थेत मी येत न्हाय. हितंच पूजा करू." वाटलं, कळलं यांना. मी म्हटलं, "अवो, समदे येणार हायत, रावजीसाहेब वाट बघत्याल." ते म्हणाले, "बघू दे की."

पाट मांडला. विळी, खलबत्ता, माझ्या शिलाईच्या मशीनची कात्री, तुझी जुनी शाळेतली कंपासपेटी, सगळं ठेवलं. मग त्यांनी दुनळी आणली. दरवर्षी काय करतात, तुला आठवत असेल. आधी मधोमध मोडून उघडतात, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरतात आणि मला म्हणतात, "बघ." मी एक डोळा मिटून बघते, आरपार खिडकी दिसते. मगच ती पाटावर जाते. फौजेची शिस्त, रिकामी दाखवल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

परवा त्यांनी ती उघडली नाही. बंदच ठेवली पाटावर. मला 'बघ' म्हटलं नाही.

मला समजलं, बाळा. हातात हळदीची वाटी होती आणि मला समजलं की ती भरलेली आहे. पळावं तर जिना त्यांच्या पाठीमागे. ओरडावं तर खाली मामांची नातवंडं खेळत होती, ती धावत वर आली असती. मी हळद वाहिली. कुंकू वाहिलं. बोट नळीला लागलं, तसं मागे घेतलं. आरती म्हटली, मधलं कडवं विसरले, पुन्हा पहिलंच म्हटलं. नमस्कार केला तेव्हा देवाला काय मागितलं ते लिहीत नाही.

उठले तर ते पाटापासून लांब, पार स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसलेले. घामाने शर्ट भिजलेला. मला म्हणाले, "म्हाळसा, आज हिला हात लावायचा न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मला बी न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

"मग सुभेदाराला बोलीव. आत्ता बोलीव. उद्या मी उचलीन तिला. रोज ठरवतुया ठेवायची आन् रोज उचलतुया. आज देवाचं बंधन हाय, तवर घेऊन जा म्हणावं."

मी त्यांना पूजेत अडकवायला निघाले होते, आणि हा माणूस आपल्या पायांनी चालत त्यात येऊन बसला होता. संस्थेत का नाही गेलात, मी विचारलं. तर म्हणाले, भरलेली दुनळी घेऊन गल्लीतून चालायची भीती वाटली, आणि ती रिकामी करायला बोटं चालेनात. "काडतूस काडायला गेलो की बोट घोड्याकडं जातंया." हे शब्द मी तुला का सांगते कळत नाही. पण कुणाला तरी सांगायला हवे होते.

मग ते आणखी एक बोलले. "पोरगी आली त्या दिवशी बी भरलेली हुती." मी म्हटलं, न्हाय वो. ते म्हणाले, "व्हय. तुला ठावं हुतं."

रावजींना फोन केला. ते पूजेच्या गर्दीत, म्हणाले निघालोच. तोवर आम्ही दोघं त्या बंदुकीसमोर बसून. फूल सरकून खाली पडलं तरी मी दचकले. ते सारखं विचारत होते, "आलं का?" मी म्हणत होते, येतायत. आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, हाक नाही, काही नाही. पप्पा ताडकन उठले. मी मध्ये उभी राहिले, पाटाच्या आणि त्यांच्या मध्ये, आणि म्हटलं, "पूजेत हाय. पूजेत हाय ती. हात लावू नका." दारात चनबसप्पामामा होते, नैवेद्याची पोळी घेऊन. त्यांच्या डोळ्यांना फार दिसत नाही पण माणूस ओळखता येतो. पोळी खाली ठेवून ते पप्पांच्या शेजारी ओट्याला टेकून बसले, गुडघे धरून, आणि म्हणाले, "बिरुदेवा, बस रे. मला एकट्याला उठता येणार न्हाय, तूच उठीव मला मागनं." आणि पप्पा बसले. मामांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं, रावजी येईपर्यंत सोडलं नाही.

रावजी जिन्याखालून मोठ्याने नाव सांगत आले. चपला बाहेर काढल्या, बंदुकीला नमस्कार केला, मग पप्पांना त्यांच्या फौजेतल्या हुद्द्याने हाक मारली, "उचलू का, नाईक?" पप्पांनी तोंड फिरवलं. "उचला साब." खटकन उघडल्याचा आवाज आला. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. रावजींनी ती टॉवेलात गुंडाळली आणि हळदीकुंकवासकट ठाण्यात नेली. तिथल्या हवालदाराने म्हणे आधी हात जोडले आणि मग नोंद केली.

काल दसऱ्याला पप्पा दुपारभर झोपले. मी सारखी जाऊन श्वास बघत होते. बंदूक गेली, पण माझी भीती तिच्याबरोबर गेली नाही. आता मला खिडकीचीही भीती वाटते, विहिरीचीही. तू नर्स होणार आहेस ना? तुम्हाला हे शिकवतात का, घरच्या माणसाने काय करायचं?

आई


सोलापूर, १३ ऑक्टोबर

सृष्टी बाळा,

आता मुद्द्याचं लिहिते. पप्पा पुण्यात आहेत, तुझ्या पुण्यात, लष्करी रुग्णालयात. रावजींनी धावपळ करून भरती करून घेतलं. गोळ्या सुरू झाल्यात. नोकरी अर्थातच गेली. पतसंस्थेच्या साहेबांनी शाल दिली, तीच पांघरून ते वॉर्डात झोपतात. मी शिलाईची कामं घेतलीत, माझी चिंता करू नकोस. तशी तू करत असशील, असं मी धरून चालते.

अपिलासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागणार आहे. ती तपासणी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. आजार फौजेतला आहे आणि तो किती आहे, हे ते ठरवणार. ते ठरलं की पेन्शन, आणि त्याहून मोठं म्हणजे जन्मभराचे उपचार. नाही ठरलं तर चार गोळ्या देऊन घरी. आणि परवान्याचं काय, त्यासाठी पप्पा पुन्हा अर्ज करू शकतात. आजार कागदावर आला नाही, तर बंदूक परत मागायला त्यांना कोण अडवणार? पूजा वर्षातून एकदाच असते.

गेल्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. आवाज फार मऊ होता. विचारलं, "घरात कधी कुणाच्या जिवाला धोका झाला होता का?" रावजी बाजूला, पप्पा समोर खुर्चीवर. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नाही हो, तसं काही नाही. थोडे चिडतात इतकंच. सगळं ठीक आहे." रावजींनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं फौजीच्या घरात काढली, मलाही तोच रोग लागला असणार. तोंड उघडलं की ठीकच बाहेर पडतं. त्या बाईंनी ते लिहून घेतलं, सृष्टी. माझ्या खोटेपणामुळे यांचं अपील पडेल, या भीतीने मी त्या दिवसापासून नीट जेवले नाही.

तेव्हा पप्पा बोलले. भरती झाल्यापासून पहिल्यांदा, न विचारता. म्हणाले, "मॅडम, हिला इचारू नका. ही मला झाकतीया. माझ्या पोरीला इचारा. तिच्यावर मी नेम धरला हुता. ती खोटं बोलत न्हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी येईल का?

तर येशील का? मी हात जोडून विचारते. जबरदस्ती नाही. तू आली नाहीस तरी तू माझी लेकच, आणि चूक तुझी नाही. आलीस तर जे झालं ते सगळं सांग. तू पायरीवर उभी होतीस, त्यांनी काय शब्द वापरले, नळी कुठे होती, तू किती वेळ हलली नाहीस, मी तुला काय सांगून गप्प केलं, तेही. माझ्यासमोर जड जाईल म्हणून मी आत येणार नाही. रावजी दाराशी असतील, त्यांना ओळखायला सोपं, मिशा आहेत आणि सारखा चहा विचारतात.

एक सांगून ठेवते. ते समोरच बसलेले असतील, मंडळाचा नियम आहे. आणि त्यांना भीती वाटते आहे. मला वाटायची तशी नाही, त्यांना तुझी भीती वाटते. काल भेटायला गेले तर दोनदा विचारलं, "ती खरंच यील का?" आणि नाही आली तर बरं, असंही एकदा पुटपुटले. निघताना मला परत बोलावलं आणि म्हणाले, हे तिला लिव, ईसरू नको. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"सृष्टीला म्हणावं, मी दाराकडं पाठ करून बसीन. माझं दोन्ही हात टेबलावर असत्याल, उघडं. ती आत आल्यापास्नं जाईस्तवर मी ते हलवणार न्हाय."